पत मालकाची, विमा बोटीचा

"जो माणूस क्रेडिट कार्डाचं बिल वेळेवर भरतो, तो बोटीची निगाही वेळेवर राखतो." गेल्या हिवाळ्यात इथल्या मराठी मंडळींच्या एका बैठकीत हे वाक्य ऐकलं आणि बऱ्याच माना डोलल्या. बोलणारे गृहस्थ विम्याच्या धंद्यात कित्येक वर्षं नोकरी केलेले, अभ्यासू आणि सज्जन. अमेरिकेत घर, गाडी आणि बोट यांच्या विम्याचे हप्ते कसे ठरतात, हा त्यांचा विषय होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: क्रेडिट स्कोअर माणसाचा रंग, धर्म, आडनाव पाहत नाही, फक्त शिस्त पाहतो. कमी स्कोअरची माणसं जास्त क्लेम करतात हे आकड्यांनी सिद्ध झालंय. मग त्यांच्याकडून जास्त हप्ता घेतला नाही, तर तो भार शिस्तीने वागणाऱ्यांच्या खिशावर पडतो. ऐकताना यात खोट दिसत नाही. मी त्या दिवशी उठून बोललो नाही, कारण प्रश्नोत्तरांच्या पाच मिनिटांत मावेल असं माझं उत्तर नव्हतं. पण त्या माना डोलताना पाहिल्यापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत ज्यांना परवडत नाही त्यांनाच मोजावी लागते.

आधी बोटीबद्दल बोलू, कारण त्या दिवशीच्या तासाभराच्या भाषणात बोट फारशी आलीच नाही.

माझी बोट एकवीस फुटी, फायबरग्लासची, दुसऱ्या हाताची. मागे दीडशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागून असलेल्या बार्नेगॅट बेमध्ये ती एप्रिल ते ऑक्टोबर पाण्यात असते आणि उरलेले महिने मरीनाच्या आवारात, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. अशा बोटीचा घात कशाने होतो? लोकांना वाटतं, वादळाने किंवा टकरीने. तसं होतंही. पण पुष्कळ बोटी धक्क्याला बांधलेल्या जागीच, मालक घरी झोपलेला असताना बुडतात. रात्रभर पाऊस पडतो. डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची भोकं पालापाचोळ्याने तुंबलेली असतात. पाणी बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये, उतरतं. तिथे हाताच्या मुठीएवढा पंप असतो आणि त्याला जोडलेला एक तरंगता खटका, फ्लोट स्विच. पाणी चढलं की खटका वर उचलला जातो आणि पंप सुरू होतो. खटका तेलकट गाळात चिकटून बसला किंवा बॅटरी उतरलेली असली, तर पंप गप्प राहतो. आउटबोर्डच्या वजनाने बोटीची मागची बाजू आधीच खाली असते. ती आणखी काही इंच खाली गेली की इंजिन बसवायच्या कापातून खाडीच आत येते. सकाळी दोरांना अडकलेलं फक्त नाक पाण्यावर दिसतं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी तळाचं झाकण उघडून ओणवा झालो आणि टॉर्च लावला. खटका हाताने उचलला, तर तो वरच राहिला, खाली येईना. मासे जिवंत ठेवायच्या टाकीकडे जाणाऱ्या रबरी पाइपावरचा क्लॅम्प वरून चकचकीत होता. मागून हात फिरवला तेव्हा तपकिरी चुरा हाताला लागला. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या पोलादाचा, अशा स्वस्त क्लॅम्पचं हेच होतं. मी पाइप बदलला, दोन्ही टोकांना दोन-दोन चांगले क्लॅम्प लावले, खटका नवा घातला, थोड्या वरच्या पातळीवर दुसरा पंप बसवला आणि त्याला वेगळी बॅटरी दिली. त्या वसंतात माझी बोट मी ती घेतली तेव्हापेक्षाही सुरक्षित होती.

त्याच वसंतात विम्याचा हप्ता वाढून आला.

त्याचं कारण आदल्या पावसाळ्यात घडलं होतं. माझे वडील, आप्पा, रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आले होते. तिसऱ्याच आठवड्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पाहुण्यांसाठी घेतलेल्या आरोग्यविम्याने आधीच्या आजाराचं कलम दाखवून बहुतेक खर्च नाकारला. बिलाचा मोठा भाग मी तीन क्रेडिट कार्डांवर घातला, उरलेला हप्त्यांनी फेडला. एकही तारीख चुकवली नाही. आप्पा बरे होऊन घरी परतले. त्यापुढे मला पैशाचं काही वाटलं नाही. पण कार्डांची मर्यादा जवळजवळ भरलेली होती आणि मी नव्या कर्जासाठी अर्जही केला होता, म्हणून स्कोअर घसरला. बोटीचा वर्षाचा हप्ता पाचशे डॉलरच्या आत होता, तो सहाशेच्या वर गेला. सोबत कायद्याने बंधनकारक असलेलं पत्र होतं: तुमच्या क्रेडिट अहवालातील माहितीमुळे तुम्हाला उत्तम दर देता आला नाही. खाली कारणं छापलेली होती. उपलब्ध मर्यादेच्या मानाने थकबाकी जास्त, अलीकडे नव्या कर्जासाठी चौकशी. बोटीबद्दल, पाण्याबद्दल किंवा माझ्या हातून झालेल्या एखाद्या चुकीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

यावर ते गृहस्थ काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. एका माणसाच्या अनुभवावरून हिशेब बदलत नाही, हे दर लाखो नोंदींवरून काढलेले असतात. मान्य. मग नोंदींकडेच वळू.

त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसला दिलेला अहवाल. क्रेडिटवरून काढलेला विमा-स्कोअर आणि क्लेम यांचं नातं आहे, कमी स्कोअरवाल्यांचे क्लेम संख्येनेही जास्त आणि रकमेनेही जास्त, असं त्या अहवालात आढळलं. हे मी नाकारत नाही. नाकारणारे लोक आपलीच बाजू कच्ची करतात. पण हे नातं कशामुळे आहे, हे उपलब्ध पुराव्यावरून ठरवता येत नाही, असंही तोच अहवाल सांगतो. "शिस्तीचा माणूस" हे स्पष्टीकरण अहवालात सिद्ध झालेलं नाही. अनेक शक्यतांपैकी ती एक शक्यता आहे, आणि ज्यांचा स्कोअर चांगला आहे त्यांना ती ऐकायला गोड लागते म्हणून ती पसरली.

शिवाय तो अहवाल मोटारींच्या विम्याचा आहे. मोटार रोज रस्त्यावर असते, बारा महिने, गर्दीत, शेकडो अनोळखी गाड्यांच्या मध्ये. माझी बोट वर्षात वीस-पंचवीस दिवस धक्का सोडते आणि पाच महिने जमिनीवर असते. मोटार रात्री दारात उभी असताना बुडत नाही. दोन्हींचे धोके वेगळे, दुरुस्त्या वेगळ्या, चोरही वेगळे: बोटीवरून बहुतेकदा इंजिन जातं, बोट तिथेच राहते. तरीही मोटारीचं तर्कशास्त्र बोटीला जसंच्या तसं जोडलं गेलं. राज्यांच्या विमाविषयक आमदारांच्या राष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये क्रेडिट माहितीच्या वापरासाठी नमुना कायदा केला. त्याच सुमाराचा टेक्सासचा २००३ चा कायदा पाहा. मोटार, घर यांच्या यादीच्या शेपटीला बोट, स्नोमोबील आणि सहलीची वाहनं एका दमात येऊन जातात. बोटीचा वेगळा विचार कोणी केला याची खूण तिथे सापडत नाही.

आता क्लेम म्हणजे नेमकं काय, ते पाहू. हा या वादातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. विमा कंपनीच्या दप्तरात नुकसानाची नोंद होत नाही, नुकसानाबद्दल मागितलेल्या पैशांची होते. आमच्या धक्क्यावर दोन बोटी एकाच दगडाला घासल्या, असं समजा. दोघांचे पंखे वाकले, दोघांना हजार-बाराशे डॉलरचा खर्च आला. एकाच्या बँकेत पैसे आहेत. तो मेकॅनिकला फोन करतो आणि कार्ड पुढे करतो. क्लेम केला तर पुढच्या वर्षी हप्ता वाढेल, हेही त्याला माहीत असतं. दुसऱ्याच्या खात्यात तीनशे डॉलर आहेत. त्याला क्लेम करावाच लागतो. दगड एक, चूक एक, नुकसान एक. नोंद मात्र दुसऱ्याचीच होते. अशा लाखो नोंदी जमवून कमी स्कोअरवाला जास्त धोक्याचा ठरतो. त्या आकड्याने मोजली ती त्याची गरज. त्याने सुकाणू कसं धरलं, हे त्यात कुठेही मोजलं गेलेलं नाही.

कंपनीच्या दृष्टीने क्लेमचा खर्च हा खर्चच, मग तो गरजेपोटी असो वा निष्काळजीपणापोटी, असा युक्तिवाद होईल. त्यावर या धंद्यात फार जुना आणि प्रामाणिक उपाय आहे: डिडक्टिबल. पहिले पाचशे किंवा हजार डॉलर मी सोसेन असं गिऱ्हाइकाने कबूल करायचं आणि त्या प्रमाणात हप्ता कमी भरायचा. किरकोळ क्लेम त्याने आपोआप कमी होतात. निवड गिऱ्हाइकाच्या हातात राहते, अट कागदावर लिहिलेली असते आणि तिचा संबंध थेट नुकसानाशी असतो. हे हत्यार हाताशी असताना त्याच कामासाठी माणसाच्या कर्जाच्या वहीत डोकावायची गरज काय?

त्या वहीत काय असतं तेही पाहून घ्या. विम्यासाठीचा फायको स्कोअर काढताना परतफेडीच्या इतिहासाला ४० टक्के वजन असतं, थकीत रकमेला ३०, कर्जाचा इतिहास किती जुना याला १५, नव्या कर्जाच्या शोधाला १० आणि कर्जांच्या प्रकारांना ५. पगाराचा यात समावेश नाही. बचतीचाही नाही. म्हणजे ज्याने आयुष्यात कर्ज काढलं नाही, घर रोखीने घेतलं, दुकानात नोटा मोजून दिल्या, त्याच्या बाजूने सांगण्यासारखं या स्कोअरकडे काहीच नसतं. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवलं. ऋण काढून सण करणारा माणूस घरोघर वाईट उदाहरण म्हणून दाखवला जायचा. माझ्या आजोबांनी उभ्या जन्मात कोणाचे चार आणे देणं ठेवलं नाही आणि गावात त्यांच्या शब्दावर नवी होडी बांधायला लाकूड मिळायचं. पत या शब्दाचा अर्थ मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. इथे तोच माणूस उतरला असता, तर त्याची वही कोरी निघाली असती. आपल्यापैकी प्रत्येकाने या देशातलं पहिलं वर्ष त्या कोऱ्या वहीने काढलंय. अनामत रक्कम भरून मिळवलेलं पहिलं कार्ड, घरभाड्यासाठी मित्राची सही. बैठकीत मान डोलावणाऱ्यांतही असे बरेच जण होते, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

स्कोअर रंग पाहत नाही, हे विधान शब्दशः खरं आहे आणि तेवढ्यावरच थांबणं अप्रामाणिक आहे. सर्वांत कमी स्कोअरच्या गटात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त आहेत, हे त्याच २००७ च्या अहवालात लिहिलेलं आहे. स्कोअरचा उपयोग केवळ वंशाच्या जागी ठेवलेली खूण म्हणून होतो असं मात्र तो म्हणत नाही. तसा परिणाम त्यात आढळला, पण थोडा. तेही मी इथे लिहितो, कारण मला वाद जिंकण्यापेक्षा तो नीट मांडायचा आहे. पण ज्यांच्या वस्त्या १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशांवर लाल रंगाने रंगवल्या गेल्या, ज्यांच्या आजोबांना घरासाठी कर्जच मिळालं नाही, त्यांच्या नातवाच्या हातात कर्जाचा जुना, भरभक्कम इतिहास कुठून येणार? आकड्याने नाव विचारलं नाही, तरी इतिहासाचं ओझं त्या आकड्यातून उतरतंच. आणि मग ते चेसापीक बेमध्ये खेकडे धरायला जाणाऱ्या माणसाच्या बोटीवर जाऊन बसतं.

बरं, वही तरी बरोबर लिहिलेली असते का? फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचांतल्या एका ग्राहकाच्या किमान एका अहवालात अशी चूक निघाली की ती तक्रारीनंतर दुरुस्त करावी लागली. वीसांतल्या एकाच्या बाबतीत चूक एवढी मोठी होती की तिच्यामुळे त्याला कर्ज किंवा विमा महाग पडला असता. २०१७ मध्ये असे अहवाल बनवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीची भिंत फुटली आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. माझ्या बिल्ज पंपाबद्दल कोणी चूक लिहिली, तर मी झाकण उघडून दाखवू शकतो. अहवालातली चूक दाखवायला मात्र आधी ती आपल्याला कळायला हवी, मग पत्रं, मग वाट पाहणं. आणि नुकसान तोवर झालेलं असतं.

"मग भार शिस्तीच्या माणसांवर का?" हा प्रश्न त्यांनी भाषणात दोनदा विचारला. त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. हा प्रश्न असं धरून चालतो की कमी स्कोअरवाला जास्त धोका आणतो आणि आपण तो उचलतो. पण धोका कुठून येतो ते न्यू जर्सीत तरी आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. २९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी सँडी वादळ ब्रिगँटीनजवळ किनाऱ्यावर आलं. बोटयूएस या बोटमालकांच्या संस्थेच्या अंदाजानुसार त्या एका वादळात ६५,००० हून जास्त बोटींचं नुकसान झालं, सुमारे ६५ कोटी डॉलरचं. त्यातल्या कितीतरी बोटी पाण्याबाहेर, स्टँडवर ठेवलेल्या होत्या. मालकांनी वेळेत काढलेल्या, काळजी घेतलेल्या. पाणी एवढं चढलं की बोटी स्टँडवरून तरंगत उठल्या आणि एकमेकींवर, रेल्वेच्या रुळांवर, लोकांच्या अंगणात जाऊन पडल्या. कोणाची वाचली ते मरीनाचं आवार किती उंचावर आहे आणि बोट जमिनीत रोवलेल्या हुकांना पट्ट्यांनी आवळली होती की नुसती टेकवली होती, यावर ठरलं. विम्याच्या दरासाठी यापेक्षा चांगली माहिती कोणती? आवाराची उंची नकाशावर मिळते. पट्टे डोळ्यांना दिसतात. त्यासाठी जास्त हप्ता मागा, मी देईन. आणि खालच्या आवारातून वरच्या आवारात बोट हलवली तर कमी करा, म्हणजे लोक हलवतील.

मला सर्वांत जास्त हीच गोष्ट खुपते. हप्ता हा विमा कंपनीच्या हातातला शिकवणारा चाबूक आहे. तो योग्य जागी पडला तर माणसं वाचतात. अमेरिकन कोस्ट गार्ड दरवर्षी हौशी बोटींच्या अपघातांचा हिशेब छापतो. २०२३ मध्ये ३,८४४ अपघात आणि ५६४ मृत्यू. मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी तीनचतुर्थांश बुडून गेले आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ज्या मृत्यूंच्या बाबतीत चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाची माहिती मिळाली, त्यांतल्या ७५ टक्के घटनांत त्याने बोट सुरक्षेचं कसलंही शिक्षण घेतलेलं नव्हतं. कारणांच्या यादीत वर आहेत ती लक्ष नसणं, अनुभव नसणं, समोर नीट न पाहणं, वेग, यंत्रातला बिघाड. मृत्यू झालेल्या अपघातांत दारू सर्वांत वर. न्यू जर्सीत माझ्यासारखी बोट चालवायची तर अभ्यासक्रम करावाच लागतो. पुष्कळ राज्यांत ही सक्ती फक्त तरुणांना आहे. अभ्यासक्रम केला, दुसरा पंप बसवला, मुलांना जॅकेट घातल्याशिवाय दोर सोडला नाही, म्हणून हप्ता कमी झाला, तर माणूस ते पुढच्या वर्षीही करेल आणि शेजाऱ्याला सांगेल. कार्डाची थकबाकी कमी केली म्हणून हप्ता कमी झाला, तर त्यातून बोट चालवण्याबद्दल तो काय शिकेल?

अभ्यासक्रमाची सवलत, दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा, जुने अपघात, इंजिनाची ताकद, बोटीचं वय, ती कुठल्या पाण्यात जाते, हिवाळ्यात वर काढता की नाही, हे सगळं कंपन्या आजही विचारतात. चांगली गोष्ट आहे. त्यांचा प्रत्येक प्रश्न मला पटतो, कारण प्रत्येकाचं उत्तर पाण्याशी जोडलेलं आहे. त्या सगळ्यांची बरोबर उत्तरं देऊनही जो आकडा शेवटी येऊन बसतो, त्यालाच माझा विरोध आहे.

आणि हेही लक्षात घ्या की पैसे द्यायची वेळ आली की कंपन्यांना बोट अगदी बारकाईने दिसते. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेडर्स रिट्रीट रिअल्टी या पेनसिल्व्हेनियातल्या मालकाचा आणि ग्रेट लेक्स या विमा कंपनीचा खटला निकाली काढला. साडेपाच लाख डॉलरचा विमा असलेली यॉट फ्लोरिडात जमिनीला लागली. आग लागली नव्हती. कंपनीने भरपाई नाकारली, कारण आग विझवायच्या सिलिंडरांची तपासणी वेळेवर झाली नव्हती. न्यायालयापुढचा प्रश्न कोणत्या राज्याचा कायदा लावायचा एवढाच होता आणि त्यावर एकमताने निकाल कंपनीच्या बाजूने गेला. त्या निकालाशी माझं भांडण नाही. पण क्लेमच्या वेळी जे डोळे सिलिंडरावरची तारीख वाचतात, ते हप्ता ठरवताना माझ्या क्रेडिट कार्डाकडे का वळतात?

हे बदलता येत नाही असं नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये प्रस्ताव १०३ मंजूर केला. तिथे मोटारीचा दर मुख्यतः चालवण्याची नोंद, वर्षाचे मैल आणि अनुभवाची वर्षं यांवरून ठरतो, क्रेडिटवरून ठरत नाही. मॅसॅच्युसेट्स आणि हवाईतही मोटारीसाठी क्रेडिटला मज्जाव आहे. मेरीलँडने घराच्या विम्यात तो बंद केला. मोटारीसाठी मज्जाव असलेल्या राज्यांतले चांगले वाहनचालक दुसऱ्यांच्या भाराखाली चिरडले गेले नाहीत आणि मोटारीचा विमा विकणाऱ्या कंपन्याही पळून गेल्या नाहीत. वॉशिंग्टन राज्याच्या विमा आयुक्तांनी कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, तात्पुरती बंदी घातली. ती न्यायालयात टिकली नाही. एका अधिकाऱ्याच्या आदेशावर हे टिकणार नाही, कायदाच करावा लागेल, हा त्यातला धडा. अनेक राज्यांत आजारपण, जोडीदाराचा मृत्यू, नोकरी जाणं अशा प्रसंगी सूट मागता येते. पण ती मागावी लागते, लेखी, कागदपत्रं जोडून. आप्पांच्या खाटेशेजारी बसलेला मी बोटीच्या विम्याला पत्र लिहायला हवं होतं, असं म्हणणाऱ्याशी मला पुढे बोलायचं नाही.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण फक्त न्यू जर्सीत राहणारे मराठी लोक नाहीत. कर्जदाराची पत मोजणारी सिबिल ही संस्था भारतात २००० साली आली तेव्हा ती बँकांच्या कर्जापुरती होती. आता बँकांच्या नोकरभरतीतही सिबिल पाहिला जातो, आणि पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका असं महाराष्ट्र सरकारला बँकांना पुन्हापुन्हा सांगावं लागलं. आकडा एका कामासाठी जन्मतो आणि दुसऱ्या कामांत शिरत जातो. उद्या तो कोकणातल्या नौकांच्या विम्यात शिरला, तर काय होईल ते पाहायला कल्पनाशक्ती लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. नौका फुटली, जाळी गेली, हंगाम बुडाला, म्हणून कर्जाचा हप्ता चुकला, म्हणून सिबिल घसरला. आणि मग त्याच वादळापासून संरक्षण देणारा विमा त्या नाखव्याला महाग! त्याने कोणतं बेशिस्त वर्तन केलेलं असेल?

मी न्यू जर्सीच्या बँकिंग आणि विमा विभागाला पत्र लिहिलंय. बोटीच्या विम्यात क्रेडिट माहितीचा वापर थांबवा आणि त्याऐवजी बिल्ज पंप, बॅटरी, हिवाळ्यातल्या आवाराची उंची, पट्टे आणि प्रशिक्षण यांची विचारपूस सक्तीची करा, एवढीच मागणी आहे. सोबत नव्या खटक्याचा आणि जुन्या गंजलेल्या क्लॅम्पचा फोटो जोडलाय, आणि हप्ता वाढल्याचं पत्रही. बोट असलेल्या मराठी मंडळींनी आपापल्या राज्याच्या विभागाला असंच लिहावं. आणि त्या गृहस्थांनी एप्रिलमधल्या कोणत्याही शनिवारी मरीनावर यावं. मी झाकण उघडून ठेवेन, टॉर्च त्यांच्या हातात देईन. माझ्या बोटीत धोका कुठे आहे, ते त्यांनी मला दाखवावं.